पेण-रोह्याचे तीन विद्यार्थी

आमच्या पेण-रोह्याकडे परीक्षेचा हंगाम आणि शिमग्याचा हंगाम बरोबरच येतात. आंब्याचा मोहोर गळून कैरी धरू लागते, वाडीवाडीत ढोल तापवले जातात, आणि नेमक्या त्याच सुमारास बोर्डाची हॉल-तिकिटे हाती पडतात. मग घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "अरे, अभ्यासाला बस!" बस म्हटले की मुलगा बसतो. पुस्तकही उघडतो. पण बसल्यावर नेमके करायचे काय, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. बसणे म्हणजेच अभ्यास, अशी आपली एक सोयीस्कर समजूत आहे.

मी इतिहासाचा शिक्षक. स्मरणशक्तीचे शास्त्र हा माझा विषय नव्हे. म्हणून मला जे येते त्यातूनच सांगतो. आमच्या या दोन शेजारी तालुक्यांचा एक इतिहास आहे, आणि तो आमच्या पोरांनाच ठाऊक नसतो. फिलिपाईन्सचा मॅगसेसे पुरस्कार १९५८ साली आचार्य विनोबा भाव्यांना मिळाला. १९५९ साली तो चिंतामणराव देशमुखांना मिळाला. पुढे १९९६ साली पांडुरंगशास्त्री आठवल्यांना मिळाला. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, ११ सप्टेंबर १८९५ चा. चिंतामणराव जन्मले महाडजवळ नाते येथे, १४ जानेवारी १८९६ रोजी, पण घराणे रोह्याचे. पांडुरंगशास्त्री १९ ऑक्टोबर १९२० रोजी खुद्द रोह्यात जन्मले. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, रायगड हे नाव १९८१ पासूनचे. आज दिवा-रोहे गाडीत बसलात तर पेण, कासू, नागोठणे, रोहे अशी स्टेशने लागतात. एवढ्याशा पट्ट्याशी नाते असलेली ही तीन माणसे.

पण मला त्यांच्या पुरस्कारांत आज रस नाही. हे तिघे विद्यार्थी म्हणून कसे होते, ते पाहायचे आहे. गंमत अशी, की परीक्षेशी तिघांचे नाते तीन तऱ्हांचे. एकाने परीक्षा जिंकल्या, एकाने परीक्षा अर्ध्या वाटेवर सोडली, आणि तिसरा विद्यापीठाच्या परीक्षेच्या वाटेला फारसा गेलाच नाही.

प्रथम, ही परीक्षा आपल्याकडे आली कशी, ते थोडक्यात सांगतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्या विद्यापीठाचे मुख्य काम शिकवणे नव्हते, परीक्षा घेणे हे होते. शिकवायचे कॉलेजांनी, तपासायचे विद्यापीठाने. १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली, १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक ही ती चौकडी. म्हणजे पाहा, आपल्याकडे आधी परीक्षक जन्मला आणि मग त्याच्या मागोमाग शिक्षक. दीडशे वर्षांवर होऊन गेली, पण "हे परीक्षेला आहे का?" हा प्रश्न वर्गात अजून पहिल्या दिवशीच येतो, त्याचे मूळ मला तिथे दिसते. न्यायमूर्ती रानड्यांच्या चरित्रांत असेही वाचायला मिळते की, विद्यार्थिदशेतल्या अतोनात वाचनाने त्यांचे डोळे बिघडले, ते कायमचे. विद्वत्तेचा आदर्श म्हणून आपण ते सांगतो. माझ्या मते ती धोक्याची सूचना म्हणून सांगायला हवी. रानडे मोठे झाले ते डोळे बिघडल्यामुळे नव्हे.

आता चिंतामणराव. १९१२ साली ते मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजला जीझस कॉलेजात गेले. संस्कृतचा हा स्कॉलर तिथे वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकला आणि १९१७ साली वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक घेऊन आला. १९१८ साली आय. सी. एस. ची परीक्षा दिली, तिथेही पहिला. ही यादी ऐकली की आमची पोरे म्हणतात, "सर, ते हुशारच होते, आमचं काय!" असे म्हटले की सुटका होते.

मी त्यांना दुसरीकडे बोट दाखवतो. विषय पाहा : संस्कृत, मग वनस्पतिशास्त्र, मग राज्यकारभार, आणि शेवटी अर्थकारण. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, १९५० ते १९५६ केंद्रात अर्थमंत्री होते. यांतला एकही विषय आधीच्या विषयाच्या पुण्याईवर येत नाही. नवा विषय मुळापासून शिकायची त्यांना सवय होती, असेच म्हणावे लागते. आणि दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मॅट्रिकचे संस्कृत मॅट्रिकनंतर मेले नाही. बँकेचे आणि खजिन्याचे आकडे सांभाळणाऱ्या या माणसाने कालिदासाचे 'मेघदूत' मराठीत आणले, स्वतः संस्कृतात कविता केल्या. तुमच्या-माझ्या ओळखीत किती जण असे आहेत की, ज्यांना दहावीला संस्कृतमध्ये शंभरपैकी नव्वदांवर गुण होते आणि आज रामरक्षेखेरीज एक ओळ लावता येत नाही? परीक्षा संपल्यावर काय उरले, ही अभ्यासाची खरी कसोटी धरली तर आपल्यापैकी बरेच जण नापास होतील. त्यात मीही आलो.

पुढे १९५६ ते १९६१ हेच चिंतामणराव विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. त्याआधी, १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने, विद्यापीठांत एकच सुधारणा करायची झाली तर ती परीक्षेत करा, अशा अर्थाचा स्पष्ट अभिप्राय दिलेला होता. अजून आपण ती सुधारणा करतोच आहोत. असो.

विनोबांची गोष्ट मात्र नीट सांगितली पाहिजे, कारण ती अर्धीच सांगितली जाते. मागे वर्गात एका बाकावरून आवाज आला, "सर, विनोबांनी पण परीक्षा सोडलीच होती की!" मी म्हटले, "ते सुरतेला उतरले. तू कुठे उतरणार? कासूला?" वर्ग हसला, तोही हसला. पण प्रश्न खोटा नव्हता.

गागोद्याचा हा मुलगा लहानपणीच वडिलांकडे बडोद्याला गेला. १९१३ साली मॅट्रिक झाला. घरच्यांच्या इच्छेने हायस्कुलात फ्रेंच घेतलेले, संस्कृत त्याने स्वतःच्या बळावर पुढे मिळवले. १९१४ च्या सुमारास मित्रांना जमवून त्याने विद्यार्थी मंडळ काढले आणि पुस्तके गोळा करून त्याचे ग्रंथालय उभे केले. एके दिवशी आई चुलीपाशी स्वयंपाक करीत असताना त्याने आपली प्रशस्तिपत्रके त्याच चुलीत घातली. आई म्हणाली, नको असली तरी राहू द्यावी, जाळायची कशाला? पण ती जळून गेली. मग १९१६ च्या मार्चात इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला तो वाटेत सुरतेला उतरला, वडिलांना पत्र लिहिले आणि काशीचा रस्ता धरला. त्याच वर्षी जूनमध्ये तो अहमदाबादला गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. पुढची ऐका. १९१७ साली विनोबांनी प्रकृती आणि अभ्यास यांसाठी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली आणि ते वाईला नारायणशास्त्री मराठ्यांच्या प्राज्ञ पाठशाळेत येऊन राहिले. वर्षभराने त्यांनी गांधीजींना पत्र लिहून आपला हिशेब दिला. त्या पत्राची परीक्षकाने गुण द्यावेत अशी उत्तरपत्रिका होते. काय वाचले, तर उपनिषदे, गीता, शांकरभाष्यासह ब्रह्मसूत्रे, मनुस्मृती, पातंजल योगदर्शन आणि आणखी काही. काय शिकवले, तर सहा विद्यार्थ्यांना गीता, फुकट. शरीराचे काय केले, तर रोज मैलोगणती चालणे, नंतर काही महिने जात्यावर दळण, नंतर सूर्यनमस्कार. गावोगाव हिंडून सुमारे चारशे मैल पायी प्रवास केला, किल्ले पाहिले. वाईतही विद्यार्थ्यांचे मंडळ काढून वाचनालय चालवले, आणि त्याच्या पुस्तकांसाठी पैसा दळणाच्या मजुरीतून उभा केला. आणि ठरल्या दिवशी, वर्ष पुरे होताच, आश्रमात परत हजर!

आता सांगा, परीक्षा सोडणे सोपे की हे सोपे? ज्याला परीक्षा नको त्याने स्वतःची परीक्षा स्वतः घेतली पाहिजे, आणि तो परीक्षक विद्यापीठाच्या परीक्षकाहून कडक निघतो. माझ्या त्या बाकावरच्या मित्राला मी एवढेच म्हटले की, बाबा, एक आठवड्याचा असा हिशेब मला लिहून आण. त्याने आणला. तो हिशेब मी इथे सांगत नाही, पण आणला हे मला आवडले.

या हिशेबात तुमच्या कामाच्या दोन-तीन गोष्टी आहेत. पहिली, शिकवणे. सहा जणांना गीता शिकवायची तर ती स्वतःला किती स्पष्ट हवी! वर्गात मागे पडलेल्या मित्राला एक धडा समजावून द्या. तुमचे कुठे अडते ते तिसऱ्या मिनिटाला कळते. त्याच्यावर उपकार होतात ते वेगळेच. दुसरी, शरीर. आमच्या मुलांना परीक्षा आली की घरचे खेळायला जाऊ देत नाहीत, पाणी भरायलासुद्धा उठू देत नाहीत, जणू काही तो आजारी आहे. हे चूक आहे. तिसरी, वाटणी. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय. अठरा अध्याय, अठरा रविवार. तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात याहून फारसे जास्त धडे नसतात. दिवाळीपासून आठवड्याला एक धडा धरला तरी फेब्रुवारीअखेर पुस्तक हातावेगळे होते. पण आपण सोळा आठवडे थांबतो आणि शेवटच्या दोन रविवारी सगळे अध्याय लावू पाहतो.

आणि वयाची सबब सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी एक. बेचाळीसच्या चळवळीनंतर वेल्लोरच्या तुरुंगात विनोबा तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा शिकले, तेव्हा त्यांचे वय पंचेचाळिशी उलटलेले होते.

पांडुरंगशास्त्र्यांबद्दल थोडेच सांगतो. त्यांचे शिक्षण जुन्या गुरुकुलाच्या धर्तीवर, संस्कृतातून झाले. मुंबईत वडिलांनी १९२६ साली माधवबागेत सुरू केलेली गीता पाठशाळा त्यांनी १९४२ पासून सांभाळली. पण त्याबरोबरच ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षे नेमाने जाऊन बसत आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानापासून इतिहासापर्यंत सारे वाचीत. कोणी प्रश्नपत्रिका काढणार नव्हते. १९५४ साली जपानात जागतिक धर्मपरिषदेत ते बोलले, तेव्हा ते वाचन कामाला आले. ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ, एवढेच मला त्यातून घ्यावेसे वाटते. घरात जागा नसेल तर गावात वाचनालय असते. तिथे पंख्याखालच्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत बसलेले आजोबा तुम्हाला हाकलणार नाहीत.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. १९९९ साली मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. मराठ्यांच्या इतिहासाचा पेपर. माझ्या वह्या अशा की, पाहणाऱ्याने पाहतच राहावे. तीन रंगांच्या रेघा, समास, चौकटी. प्रत्येक वही मी चार-चार वेळा वाचली होती. वसईचा तह मला पाठ : ३१ डिसेंबर १८०२, कलमे अमुक, परिणाम तमुक. प्रश्न आला, पण तो तहावर आला नाही. दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते काय, असा काहीसा तो होता. मी बसून राहिलो. मग कलमे लिहून आलो. त्या पेपरात मी जेमतेम काठावर सुटलो आणि वर्ग हुकला. घरी वडील काही बोलले नाहीत, ते बोलले असते तर बरे झाले असते.

सुट्टीत माझ्या एका वृद्ध गुरुजींनी ती वही मागितली, मिटून मांडीखाली ठेवली आणि म्हणाले, "आता सांग, बाजीराव पुण्याहून कुठं कुठं गेला?" मला 'वसई' एवढेच येत होते. त्यांनी नकाशा काढायला लावला. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकराने पुण्याजवळ पेशव्याच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा मोड केला, बाजीराव घाट उतरून महाडला आला, तिथून किनाऱ्याला लागला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईला पोचला. म्हणजे हा पळणारा पेशवा आमच्याच जिल्ह्यातून गेला होता! घाटावर होळकर आणि समोर समुद्र अशा अवस्थेतला माणूस मला त्या दिवशी प्रथम दिसला, आणि तो प्रश्न परीक्षकाने का विचारला तेही कळले. चार वेळा वाचून जे झाले नाही ते वही मिटून अर्ध्या तासात झाले.

हा माझा एकट्याचा अनुभव नव्हे. जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवले की, निरर्थक अक्षरे पाठ केली तर तासाभरात निम्म्याहून अधिक विसरतात आणि त्यानंतर विसरण्याचा वेग मंदावतो. अमेरिकेत २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या केल्या. एकीने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसरीने थोडा वाचून न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून "सगळं येतंय" असे वाटते ते या पाच मिनिटांच्या खात्यातले असते. आमच्या जुन्या वैदिकांना हे माहीत होते. क्रम, जटा, घन असे पाठ म्हणजे तीच पदे पुढून मागून गुंफून म्हणायची, चूक झाली की तत्काळ सापडावी म्हणून. ती शब्द जपण्याची विद्या होती. समाजशास्त्राचे उत्तर त्या रीतीने पाठ करू नका, तिथे अर्थ लागतो. पण पुस्तक मिटून स्वतःला तपासणे, एवढे त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कधी डोकावला असाल तर पाहिले असेल. शाडूची मूर्ती साच्यातून काढली की लगेच रंगवीत नाहीत. वाळू देतात, मग घासकाम, मग पांढरा हात, मग रंग, आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी. ओल्या मूर्तीवर रंग दिला तर तो सुटतो. म्हणून एक चतुर्थी झाली की पुढल्या वर्षाच्या कामाला फार उसंत न घेता लागतात. धडा आज वाचला, की दोन दिवसांनी न पाहता लिहून पाहावा, मग आठवड्याने, मग महिन्याने. मधले दिवस वाया जात नाहीत, ते वाळण्याचे दिवस असतात. डोळ्यांची आखणी तेवढी शेवटच्या आठवड्यासाठी ठेवा : जुन्या प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, पूर्ण वेळ, एका बैठकीत, पेनाने. मोबाईलवर उत्तरे वाचणाऱ्या मुलांचे हात दुसऱ्या तासाला दुखू लागतात, हे मी पर्यवेक्षण करताना दरवर्षी पाहतो. रात्र जागवू नका. झोपेत डोके रिकामे बसलेले नसते, दिवसाचे वाचलेले लावून ठेवण्याचे काम तेव्हाही चालू असते.

आणि एवढे करूनही कोणी नापास होईल. त्याच्या पालकांना मला दोन शब्द सांगायचे आहेत. निकालाच्या दिवशी मुलाला एकटे सोडू नका आणि शेजारच्या मुलाचे गुण विचारू नका. दहावीच्या नापासांना पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे आणि वर्ष जाई. २०१५ सालापासून बोर्डाने फेरपरीक्षा निकालानंतर लगेच, पावसाळ्यातच घ्यायला सुरुवात केली. एका निकालाने दार बंद होत नाही. ते पोराला त्या दिवशी समजत नाही, तुम्हाला समजले पाहिजे.

गेल्या वर्षी आमच्या वर्गात पेणची एक मुलगी होती. घरचाच मूर्तींचा कारखाना, तेव्हा कॉलेजातून गेली की घासकामाला बसायची. अभ्यासाला वेळ कुठला? तिने युक्ती काढली होती. हाताने मूर्ती घासायची आणि तोंडाने धडा सांगायची, समोर बसलेल्या आजीला. आजीला अक्षरओळख नाही. मी एकदा मूर्ती ठरवायला गेलो तर पाठ चालूच होता. मुलगी म्हणाली, "...आणि १८०३ साली वसईचा तह झाला." आजीने मान वर केली नाही, हातातले पोलिसपेपर फिरवीत म्हणाली, "काल दोन म्हणाली होतीस."